विमानाशी संबंध नाही : 'हवाई' वाढदिवसाच्या पत्रिकेचा माझा अनुभव

वाढदिवस होऊन तीन महिने झाले, तरी 'हवाई' शब्द दिसला की माझं डोकं उठतं.

लेकीचा पहिला वाढदिवस होता. थीम नणंदेची. हवाई बेटांवर मुलाचा पहिला वाढदिवस दणक्यात करतात, त्या जेवणावळीला लुआऊ म्हणतात, तर आपणही करू, असं तिचं म्हणणं. हॉल, केक, केटरर दोन दिवसांत ठरले. पत्रिकेच्या चार ओळींनी मात्र अकरा दिवस खाल्ले.

मी आपलं साधं लिहिलं होतं : 'हवाई थीम. पोशाख : हवाई.' सासऱ्यांनी ते कच्चं प्रूफच कौतुकानं फॅमिली ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात मामेसासऱ्यांचा फोन. "विमानात करून राहिले का बाप्पा वाढदिवस?" मग चुलत जाऊबाई. "पोशाख हवाई म्हणजे स्लिपर घालून यायचं का गं?" चूक कोणाची म्हणणार? आपल्याकडे हवाई म्हटलं की एक तर विमान, नाही तर चप्पल.

म्हणून मी तिकडचेच शब्द घातले. 'अलोहा! लुआऊला या. प्रत्येक पाहुण्याला लेई घालण्यात येईल.' दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेले. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद लांब धरला. "मॅडम, लेई तर आम्ही पोस्टर चिकटवाले वापरतो. पाहुण्याच्या गळ्यात कायले टाकता?" मी सांगितलं, फुलांचा हार असतो तो. ते म्हणाले, "मग हार लिहा ना." मला तेव्हा राग आला. खरं म्हणजे तिथेच ऐकायला हवं होतं.

त्यात त्यांनी वरती गणपती आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून' स्वतःहून टाकलेलं, बाजूला नारळाचं झाड. साचा तोच आहे म्हणे. ते काढायला तीन चकरा, आणि दर चकरेला 'उद्या या'. मे महिन्यात, दुपारी दोनला, स्कूटीवर. प्रूफ तिथेच बसून दुरुस्त करून घ्या, उद्यावर सोडू नका.

अडलेली गाडी सुटली ती घरी. सासूबाई धोप्याच्या, म्हणजे अळूच्या वड्या लावत होत्या, पानाच्या शिरा लाटण्यानं दाबत. मी म्हटलं, आई, लुआऊ हे मुळात याच पानांचं नाव आहे, तिकडे नारळाच्या दुधात शिजवतात. त्यांनी वर न बघताच विचारलं, "मग जेवायला या, असं लिहायला काय जातं तुझं?"

मग बसल्या बैठकीत लिहिलं :

'अलोहा! आमच्या लेकीचा पहिला वाढदिवस, अमेरिकेतल्या हवाई बेटांच्या थाटात. विमानाशी संबंध नाही. फुलाफुलांचा शर्ट, फ्रॉक, साडी, घरात असेल ते घालून या. दारात मोगऱ्याचा हार आमच्याकडून. केक सात वाजता. जेवूनच जायचं. येणार का ते शुक्रवारपर्यंत कळवा, हार मोजून आणायचे आहेत.'

मोगरा काही जुगाड नव्हता. तिकडेही चाफ्याचे आणि मोगऱ्याचे हार करतात, मोगऱ्याला पिकाके म्हणतात. नागपुरात बर्डीच्या फूल बाजारात मे महिन्यात त्याला तोटा नाही.

'जेवूनच जायचं' ही ओळ गाळू नका, नाही तर "जेवण आहे का नुसता केक?" हे प्रत्येक जण फोन करून विचारतो. आणि 'कळवा' एवढंच लिहिलं असतं तर कोणी कळवलं नसतं. हार मोजायचे आहेत म्हटल्यावर बहुतेकांनी कळवलं. नणंदेला 'हौओली ला हानाउ', म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा, पत्रिकेतच हव्या होत्या. मी त्या केकवर पाठवल्या.

ग्रुपवरचं पहिलं प्रूफ मात्र कोणीतरी जपून ठेवलं होतं. जाऊबाईंचा मुलगा पायलटच्या ड्रेसमध्ये आला, टोपीसकट. हार घालताना टोपी काढायला तयार नव्हता.

हो, आणि पत्रिकेवर नवऱ्याचा नंबर देऊ नका. तो उचलत नाही.