जर्मनीतलं एक सेमिस्टर संपवून कॉलेजात परतताना

जर्मनीत एक सेमिस्टर करून महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग कॉलेजात परत आलेल्याला सगळे विचारतात, "इथे करमतंय ना?" करमेल हळूहळू. आधी हजेरी बघा.

तिकडच्या बहुतेक विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. लेक्चरं फेब्रुवारीत संपतात, परीक्षा त्यानंतर. आपलं सम सत्र (वर्षातलं दुसरं सेमिस्टर) बहुधा जानेवारीतच सुरू झालेलं असतं. हिशेब मांडा: १४ आठवडे, आठवड्याला ४ लेक्चरं, एकूण ५६. पाच आठवडे उशिरा आलात की २० गेली. उरलेली ३६ च्या ३६ बसलात तरी हजेरी ६४ टक्केच भरते, आणि अट ७५ ची. डिफॉल्टर यादी लागल्यावर विनवण्या करण्यापेक्षा 'हजेरी रुजू झाल्याच्या तारखेपासून धरावी' असं विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र जर्मनीला जाण्यापूर्वीच घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका, सत्राच्या मध्ये विभागप्रमुख बदलू शकतात.

दुसरी अडचण गुणपत्रिकेची. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर पास. परीक्षा विभागाच्या टेबलावर नुसता १.७ गेला तर तो दहापैकी वाटतो आणि चांगला विद्यार्थी नापास दिसतो. म्हणून ग्रेडचा तक्ता असलेलं पान जोडाच. बाहेरच्या गुणांचं जर्मन ग्रेडमध्ये रूपांतर करायला बव्हेरियन सूत्र वापरलं जातं: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान-पास यांतल्या फरकाने भागा, ३ ने गुणून १ मिळवा. दहाच्या मोजपट्टीवर ४ ला पास धरलं, तर उलट हिशेबाने १.७ म्हणजे ८.६. कॉलेज हेच सूत्र वापरेल असं नाही, त्यामुळे त्यांचा नियम आधी लेखी मागा. क्रेडिटचंही तसंच. एक ईसीटीएस (युरोपातलं क्रेडिट) म्हणजे घरच्या अभ्यासासकट २५ ते ३० तास. आपल्याकडे आठवड्याला एक लेक्चर म्हणजे एक क्रेडिट. सरळ एकास एक जुळत नाही, म्हणून प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम सोबत आणा.

तिथलं घर सोडताना नगरपालिकेत नाव कमी करून दाखला घ्या. तो नसेल तर रेडिओ-टीव्हीची १८.३६ युरोंची मासिक वर्गणी बंद करताना अडतं.

आता झोप. हिवाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत फरक साडेचार तासांचा, म्हणजे सकाळी ८ चं प्रॅक्टिकल शरीराला पहाटे साडेतीनचं. पहाटे फिरायला जा, असं घरचे प्रेमाने सांगतात, पण पहिले दोन दिवस ते उलटं पडतं: तिथे आठला उठणाऱ्याच्या शरीराचं तापमान आपल्या साडेनऊच्या सुमाराला सगळ्यात कमी असतं, आणि त्याआधीचं ऊन झोपेची वेळ आणखी पुढे ढकलतं. दहानंतर उन्हात बसा, मग रोज तासभर आधी.

तोवर सकाळच्या बॅचऐवजी दुपारची मिळते का ते विचारा. चुकलेले प्रयोगही लॅब असिस्टंटना भेटून लवकर लावून घ्या. सबमिशनच्या आठवड्यात रिकामं टेबल मिळत नाही.