काट्यावर वजन तेवढंच

मी बेळगाव जिल्ह्यातल्या एका डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर आहे. पावसाळ्यातली गोष्ट. जांबोटीकडच्या एक आजी आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांचं ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढून झाल्यावरचं वजन, कार्डावर ४६ किलो. त्या दिवशी काट्यावर ४८ भरलं. दोन लिटर काढायचं, नेहमीचाच हिशोब. मी आकडा लिहूनही टाकला.

मग फिस्टुल्याची, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून धमनीला जोडलेल्या शिरेची, थरथर बघायला डावा हात हातात घेतला. थरथर चांगली होती. पण उजव्या हातातल्या बांगड्या घसरून पार कोपरापाशी गेलेल्या, आणि पायातली जोडवी मात्र बोटांत रुतून बसलेली. हात वाळलेले, पाय सुजलेले!

"आजी, रात्री झोप लागते काय?"

"कुठली गे बाई. आडवं झालं की जीव घुसमटतोय. भिंतीला टेकून बसते."

आजोबा म्हणाले, दोन आठवडे ताप होता, जेवण तुटलं. नुसती पेज आणि लोणचं.

नडगीवर अंगठा दाबून धरला. खड्डा पडला तो तसाच राहिला. माकडहाडावर दाबलं, तिथेही तेच. टेकून पडून असलेल्या पेशंटचं पाणी तिथे साचतं आणि नेमकं तिथेच आपण बघत नाही. पाठीला उशा देऊन टेकवलं तर मानेची शीर जबड्यापर्यंत फुगलेली. स्टेथोस्कोप पाठीवर अगदी खाली लावला, तर कानाजवळ केस चोळल्यासारखी बारीक चुरचुर. बीपी १७०/१००.

अंगावरचं मांस झडलं होतं आणि तेवढंच पाणी भरलं होतं. काट्याला दोन्ही सारखंच. मागच्या खेपेला त्यांना ४६ वर आणून मीच घरी पाठवलं होतं. फार लागलं मनाला.

डॉक्टरांना कन्नडमधून सगळं सांगितलं, त्यांनी स्वतः तपासलं. ऑक्सिजन लावला. पाणी एकदम ओढलं तर बीपी कोसळतं, म्हणून आठवड्याला एक खेप वाढवली आणि दर खेपेला ड्राय वेट अर्धा किलो खाली घेत गेलो. लोणचं बंद. मीठ पोटात गेलं की तहान वाढते, हे आजोबांना दोनदा समजावलं.

४३ वर आल्या त्या दिवशी आजोबा दारातूनच म्हणाले, "काल आडवी होऊन झोपली गे बाई."

मी चादर सारून पाय बघितले. जोडवी बोटांत फिरत होती.