तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोग्रॅमला विंडोही आहे, नेटवर्कही आहे, मग इव्हेंट लूप कोणता?

हा प्रश्न पुण्यात दोन दिशांनी येतो. हिंजवडीकडून येतो तेव्हा सोबत बेंचमार्कचा तक्ता असतो: लिनक्सच्या ईपोल आणि आयओ-यूरिंग या सोयींपैकी कोणती, लिबयूव्ही आणि असिओ या लूपच्या लायब्रऱ्यांपैकी कोणती? भोसरी-चाकणकडून येतो तेव्हा सोबत तक्रार असते: चाळीस मशीनचं स्टेटस एका स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्रॅम लिहिलाय, पण एखादं मशीन बंद पडलं की अख्खा स्क्रीनच गोठतो. मला दुसरा प्रश्न जास्त अस्सल वाटतो. उत्तर मात्र दोघांना एकच आहे. विंडो आली की लूप तुम्ही निवडत नाही, तो विंडोबरोबर येतो. तुमच्या हातात एवढंच उरतं की नेटवर्क त्याच लूपमध्ये बसवायचं की शेजारी वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅममध्येच समांतर चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर.

इव्हेंट लूप म्हणजे एक थ्रेड. तो झोपतो, काही घडलं की उठतो, त्यासाठी नेमलेलं फंक्शन चालवतो आणि परत झोपतो. सगळी गोम तो झोपतो कुठे यात आहे. सॉकेटची, म्हणजे नेटवर्क कनेक्शनच्या टोकाची, वाट बघणारा लूप लिनक्सवर ईपोलमध्ये झोपतो, मॅकवर केक्यूमध्ये. विंडोजवर विंडो सांभाळणारा थ्रेड क्लिक, कळ वगैरेंचे मेसेज आणून देणाऱ्या गेटमेसेज या कॉलमध्ये झोपतो. एका थ्रेडला एका वेळी एकाच जागी झोपता येतं. तिकडे आडवा झाला तर इकडची बेल ऐकू येत नाही.

मग पहिला तोडगा सगळ्यांना सुचतो तो टायमरचा: दर १० मिलिसेकंदांनी नेटवर्ककडे डोकावून यायचं. चालतं. कारखान्यातल्या पॅनेल पीसीवर वीस कनेक्शन असतील तर मी नाक मुरडणार नाही. लॅपटॉपवर मात्र सेकंदाला शंभर वेळा उठवलेला प्रोसेसर बॅटरी खातो, आणि प्रत्येक उत्तराला फुकटचा उशीर लागतो तो वेगळाच.

विंडोजवर याहून बरा मार्ग आहे: एमएसजी-वेट-फॉर-मल्टिपल-ऑब्जेक्ट्स. मेसेज आणि हँडल (सिस्टिमने दिलेली खूणचिठ्ठी, जिच्यावर वाट बघता येते), दोन्हींसाठी एकाच जागी झोपता येतं. मर्यादा ६४ ची, त्यातला एक मेसेजच्या रांगेसाठी जातो, म्हणजे तुमच्या वाट्याला ६३ हँडल. चाळीस मशीनला पुरेल. पण इथे एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येकजण पडतो. वापरणाऱ्याने टायटल बार धरून विंडो ओढायला घेतली, कडा धरून लहान-मोठी करायला घेतली किंवा मेनू उघडला, की विंडोज स्वतःचा आतला लूप सुरू करतं, तोही तुमच्याच थ्रेडवर. माउसचं बटण सुटेपर्यंत ते तुमच्या लूपमध्ये परत येत नाही. मेसेज पोहोचवले जातात, विंडो रंगते, पण तुमच्या लूपमध्ये तुम्ही हाताने लिहिलेली नेटवर्कची ओळ तेवढा वेळ चालतच नाही. ऑपरेटर फोनवर बोलताना माउस धरून ठेवतो, तेवढ्यात वीस सेकंदांची रीडिंग मागे राहतात, आणि दोष बिचाऱ्या नेटवर्क स्विचला दिला जातो.

यावर उपाय दोन. नेटवर्कची सूचना विंडो मेसेज म्हणूनच येईल असं करा, म्हणजे आतला लूपही ती पोहोचवेल. नाहीतर नेटवर्क सरळ दुसऱ्या थ्रेडवर न्या.

लिनक्सवर विंडो दाखवणारी व्यवस्था एक्स-११ असेल तर वरवर सगळं सोपं दिसतं. डिस्प्ले सर्व्हरशी असलेलं कनेक्शन हेही एक सॉकेटच, त्याचा फाईल डिस्क्रिप्टर (सिस्टिमने दिलेला नंबर) मिळतो, तो ईपोलला द्यायचा, झालं. होत नाही. एक्स-११ ची लायब्ररी एक्सलिब सॉकेटवरून वाचताना हाती लागतील तेवढे इव्हेंट उचलून स्वतःच्या आतल्या रांगेत ठेवते. सॉकेट रिकामं झालं, रांगेत तीन क्लिक पडून आहेत, आणि ईपोल म्हणतं काही आलेलं नाही. लक्षण अगदी ठरलेलं: बटण दाबलं तर काही होत नाही, मग माउस जरा हलवला की आधीचं दाबणं लागू पडतं. झोपायच्या आधी प्रत्येक वेळी एक्स-पेंडिंग या कॉलला विचारायचं आणि रांग संपवूनच झोपायचं, हाच इलाज. हा कॉल पाठवायचं बाकी असलेलंही ढकलून देतो, म्हणजे एकाच फेरीत दोन कामं होतात. एक्स-११ च्या जागी आलेल्या वेलँडवाल्यांनी हे ओळखून वाचण्याआधी तयारी जाहीर करायची वेगळी पायरीच ठेवली आहे. ती गाळली तर दोन थ्रेड एकमेकांचे इव्हेंट पळवतात.

मॅकबद्दल थोडक्यात. विंडो मेन थ्रेडवरच हवी, आणि मेनू उघडा असताना रन लूप (मॅकचा इव्हेंट लूप) वेगळ्या मोडमध्ये जातो. टायमर किंवा सोर्स (लूपला जागं करणारी नोंद) नेहमीच्या मोडऐवजी कॉमन मोडमध्ये नोंदवा, नाहीतर विंडोजवरचीच गंमत इथेही बघाल.

हे सगळं वाचून ‘मग कोणी हे आधीच करून ठेवलेलं नाही का?’ असं वाटलं असेल, तर अगदी बरोबर. क्यूटी या विंडो बनवायच्या टूलकिटमध्ये टायमर, सॉकेट आणि विंडो एकाच लूपवर चालतात. बहुतेक लिनक्सवर तर क्यूटी आतून जीलिब या लायब्ररीचाच लूप वापरते. जीटीके हे दुसरं टूलकिट घेतलंत तर जीलिब आहेच, आणि सॉकेटसाठी जीआयओ. काही शे कनेक्शनपर्यंत आणि साध्या प्रोटोकॉलसाठी माझं मत ठाम आहे: टूलकिटचाच लूप, टूलकिटचीच सॉकेट, दुसरी लायब्ररी आणू नका. पायथॉनमधल्या टीकिंटर या टूलकिटकडून मात्र ही अपेक्षा ठेवू नका. सॉकेटवर लक्ष ठेवायची त्याची सोय विंडोजवर मिळतच नाही, लिनक्सवर लिहिलेलं तिथे नेलं की पडतं.

चाकणचा हिशोब मांडून बघा. चाळीस मशीन, मॉडबस टीसीपी (मशीनशी बोलायचा प्रोटोकॉल), पोर्ट ५०२, प्रत्येकाला अर्ध्या सेकंदाने एक प्रश्न. म्हणजे सेकंदाला ८० छोटी उत्तरं. कोणताही लूप हे हसत पेलतो, सिलेक्टसुद्धा. तरी स्क्रीन अडखळतो, कारण प्रत्येक उत्तरागणिक अख्खं टेबल पुन्हा रंगवलेलं असतं. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. टेबल रंगवायला २० लागत असतील तर ८० वेळा रंगवणं सेकंदात मावणारच नाही. उत्तर आलं की आकडा फक्त साठवा आणि ‘बदललं’ अशी खूण करा. रंगवणं एका टायमरवर सोडा, सेकंदाला दहादा. माणसाच्या डोळ्याला तेवढं पुरतं.

आता गोठण्याचं खरं कारण. ते लूप निवडण्यात नसतं, लूपच्या आत बसून वाट बघण्यात असतं. साधा कनेक्ट हा अडवून धरणारा कॉल आहे. मशीन त्याच नेटवर्कवर असून बंद असेल तर लिनक्स साधारण ३ सेकंदांत ‘नो रूट टू होस्ट’ म्हणून मोकळा होतो. पण मध्ये फायरवॉल पॅकेट गिळत असेल तर तो मूळ प्रयत्नानंतर पुन्हा पुन्हा ठोठावतो, आणि हार मानायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. विंडोज तर ५ सेकंद मेसेज उचलले नाहीत की टायटलवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहून मोकळं होतं. म्हणून सॉकेट आधी नॉन-ब्लॉकिंग (अडवून न धरणारं) करा, कनेक्टने ‘चालू आहे’ असं सांगितलं की ते लिहिण्याजोगं होण्याची वाट लूपला बघू द्या, आणि मग सॉकेटवरची चूक सांगणारा एसओ-एरर तपासा. लिहिण्याजोगं झालं म्हणजे जोडलं गेलं असं नव्हे. कनेक्शन नाकारलं गेलं तरी लूप तेच सांगतो.

नावावरून पत्ता शोधणं हा दुसरा चोर. त्यासाठीचा गेट-ॲड्रइन्फो हा कॉल नॉन-ब्लॉकिंग होतच नाही, आणि नावांचे पत्ते सांगणारा डीएनएस सर्व्हर गप्प असेल तर लिनक्स एका प्रयत्नाला ५ सेकंद, असे २ प्रयत्न करतो. पायथॉनची असिंकआयओ आणि लिबयूव्ही दोन्ही ते काम थ्रेडच्या तलावात, म्हणजे तयार ठेवलेल्या थ्रेडच्या गटात, ढकलतात. लिबयूव्हीच्या तलावात मुळात ४ थ्रेड असतात. कारखान्यात सरळ आयपी ॲड्रेस लिहा, प्रश्न मिटला.

आणि चालू कनेक्शनची वायर मध्येच निघाली तर? टीसीपीला लगेच पत्ता लागत नाही. लिनक्सवर कीपअलाइव्ह, म्हणजे गप्प कनेक्शनची विचारपूस, मुळात बंद असतो आणि चालू केला तरी पहिली विचारपूस ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. प्रत्येक प्रश्नामागे स्वतःचा टायमर लावा. २ सेकंदांत उत्तर नाही तर ते मशीन लाल.

वेगळा थ्रेड कधी? हजारो कनेक्शन असतील, टीएलएस एन्क्रिप्शन आणि जड पार्सिंग असेल, किंवा तुमचा प्रोटोकॉल ज्या लायब्ररीत आहे ती असिंकआयओवरच चालत असेल तेव्हा. मग त्या थ्रेडवर कोणताही लूप घ्या, विंडोला फरक पडत नाही. जपायचा तो मधला डाकखाना. नेटवर्ककडून विंडोकडे जाताना क्यूटीत क्यू केलेला सिग्नल, जीटीकेत जी-आयडल-ॲड, विंडोजवर पोस्टमेसेज. पण प्रत्येक रीडिंगला एक पोस्टमेसेज करू नका. एका थ्रेडच्या मेसेज रांगेत मुळात १०,००० मावतात. विंडो जरा अडली की रांग भरते आणि पुढचे मेसेज नाकारले जातात. परत आलेली चूक कोणी तपासतही नाही. रीडिंग स्वतःच्या रांगेत टाका आणि मेसेज फक्त एक: ‘टपाल आलंय’.

उलट दिशेने, असिंकआयओला बाहेरच्या थ्रेडवरून काम द्यायचं तर कॉल-सून-थ्रेडसेफ. नुसतं कॉल-सून वापरलं तर काम रांगेत लागतं, पण झोपलेला लूप उठत नाही. ऑपरेटरने दाबलेलं ‘स्टॉप’ पुढचं पॅकेट येईपर्यंत तसंच पडून राहतं. लिबयूव्हीत हेच काम यूव्ही-असिंक-सेंड करतं, मात्र पाच वेळा हाक मारली तरी कॉलबॅक एकदाच येऊ शकतो. म्हणून कॉलबॅकमध्ये एकच नग न उचलता रांग पूर्ण रिकामी करायची.

पायथॉनवाल्यांसाठी आणखी एक. ३.८ पासून विंडोजवर असिंकआयओचा लूप प्रोॲक्टर आहे, तो विंडोजच्या आयओसीपी या सोयीवर चालतो. त्यात सॉकेटवर लक्ष ठेवणारं ॲड-रीडर नाही. ज्या लायब्ररीला ते लागतं ती लिनक्सवर चालते आणि विंडोजवर ‘नॉट इम्प्लिमेंटेड’ म्हणते. सिलेक्टर लूपवर परत जाता येतं, पण मग त्या लूपवर सबप्रोसेस (बाहेरचे प्रोग्रॅम) चालत नाहीत. दोन्ही हवे असतील तर दोन थ्रेड, दोन लूप. एक लूप अडखळतोय असा संशय असेल तर पायथॉन-असिंकआयओ-डीबग हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून चालवा, ०.१ सेकंदाहून जास्त वेळ खाणाऱ्या कॉलबॅकचं नाव तो स्वतः लॉगमध्ये लिहितो.

राहिला हिंजवडीचा तक्ता. विंडो नसलेल्या सर्व्हरसाठी तो कामाचा. सिलेक्ट १९८३ च्या ४.२ बीएसडीतला, आणि लिनक्सवर १०२४ किंवा त्यापुढच्या नंबरचा डिस्क्रिप्टर त्याला दिला तर तो नकार देत नाही, शेजारची मेमरी बिघडवतो. ईपोल घ्या, पण एज-ट्रिगर्डच्या, म्हणजे नवीन काही आलं तेव्हाच कळवणाऱ्या पद्धतीच्या, मोहात पडू नका. त्यात सॉकेट पूर्ण रिकामं होईपर्यंत, म्हणजे ‘ई-अगेन’ (आता काही नाही) येईपर्यंत वाचावं लागतं; एकदा अर्धवट सोडलं की ते कनेक्शन मुकं होऊन बसतं. साध्या लेव्हल-ट्रिगर्डमध्ये, म्हणजे स्थिती तशीच असेपर्यंत कळवत राहणाऱ्या पद्धतीत, चूक उलटी होते: पाठवायला काही नसताना लिहिण्याची नोंद तशीच ठेवली की लूप झोपतच नाही आणि एक कोअर शंभर टक्के तापतो. ही चूक निदान टॉप या कमांडमध्ये दिसते. आणि साधी फाईल ईपोलला देऊ नका, तो ‘ई-पर्म’ (परवानगी नाही) म्हणून परत करतो. २०१९ साली लिनक्स ५.१ मध्ये आलेलं आयओ-यूरिंग फाईललाही चालतं, पण चाळीस मशीनसाठी ते आणणं म्हणजे लिमलेटची गोळी आणायला टेम्पो काढणं.

प्रोग्रॅम साइटवर न्यायच्या आधी दोन चाचण्या. पहिली: मशीनची वायर काढून बघणं पुरेसं नाही, फायरवॉलमध्ये त्या पत्त्याकडे जाणारी पॅकेट ‘ड्रॉप’ करा, ‘रिजेक्ट’ नव्हे, रिजेक्टला लगेच उत्तर येतं आणि सगळं छान दिसतं. दुसरी: विंडोजवर टायटल बार माउसने धरा, पूर्ण एक मिनिट सोडू नका, आणि स्क्रीनवरचे आकडे हलतायत का ते बघा.