ओक म्हणजे आडनाव नव्हे, लाकूड

झालं एकदाचं टीपॉय. मागच्या जुलैत सुरू केलं होतं, गणपतीच्या आत संपवायचं असं घरी जाहीर करून बसले होते, गणपती आले, गेले, दसऱ्याच्या आदल्या दिवशी तेलाचा शेवटचा हात मारला. लिहीन लिहीन म्हणत आता मे उजाडला.

आधी एक खुलासा. ओक हे लाकूड आहे. सांगावं लागतंय कारण ज्याला ज्याला "ओकचं टेबल करतेय" म्हटलं त्यातल्या निम्म्यांनी "कुठले ओक, सदाशिव पेठेतले का?" असं विचारलं, आणि आठ वर्षांचा भाचा तर शब्द ऐकला की पोट धरून ओकायची ॲक्टिंग करतो, महिनाभर तोच जोक. आपल्याकडे हे झाड नाहीच ना, उत्तराखंडात ट्रेकला गेलात तर बांज म्हणून दिसतं, तो त्याचाच भाऊबंद. आणि टीपॉय म्हणतो आपण, पण माझ्याला चार पाय आहेत आणि त्या शब्दाचा चहाशी काही संबंध नाही, मूळ शब्द तिपाई, तीन पायांची, इंग्रजांनी तो उचलला, त्याचं चहासारखं स्पेलिंग केलं आणि आपण परत घेतला. आमच्याकडे सोफ्यासमोर जे असेल ते टीपॉय, विषय संपला.

मी खरं तर सागवान घ्यायला गेले होते भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला. तिथे एका वखारीत कोपऱ्यात अमेरिकन व्हाइट ओकच्या पाच-सहा फळ्या पडल्या होत्या, कुठल्या तरी ऑफिसच्या इंटिरियरमधून उरलेल्या, मालकाला त्या काढायच्याच होत्या. दीड घनफूट भरलं. तो व्हाइट ओकच म्हणत होता पण मला खात्री करायची होती, म्हणून घरी आल्यावर बोटभर लांब तुकडा कापला, एक टोक पाण्यात बुडवलं आणि दुसऱ्या टोकातून फुंकर मारली. रेड ओक असता तर बुडबुडे आले असते, त्याच्या नळ्या आरपार मोकळ्या असतात. व्हाइट ओकच्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून तर वाइनची आणि व्हिस्कीची पिंपं त्याची करतात. गाल दुखेपर्यंत फुंकलं, एक बुडबुडा नाही. बाबा पेपर खाली करून हे सगळं बघत होते, काही बोलले नाहीत, परत पेपर वर.

आमचे सुतारकाका, घरातलं सगळं फर्निचर त्यांच्याच हातचं, ते फळी बघायला आले. नखाने दाबून बघितली, वास घेतला आणि म्हणाले, "ताई, लाकूड चांगलंय पण आपल्या हवेतलं नाही. भट्टीत सुकवून आलेलं असतं हे, आत्ता पावसात पाणी पिणार. दिवाळीनंतर हात लावा." मी मान डोलावली आणि ते गेल्यावर दुसऱ्याच दिवशी करवत काढली. मला वीकेंड मोकळे होते ना, लाकडाला काय कळतं दिवाळी कधी आहे ते.

वर्कशॉप म्हणजे आमची ड्राय बाल्कनी. वॉशिंग मशीनवर प्लायचा तुकडा टाकला की झालं टेबल, फक्त आईचं मशीन चालू असेल तेव्हा काम बंद. एवढ्या जागेत बेचाळीस बाय बावीस इंचाचा टॉप रंध्याने सपाट करणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. सागवान रंध्याखाली लोण्यासारखं जातं (धार मात्र खातं), ओक भांडतो. उलट्या रेषेने गेलात की ढलपा उडालाच. पण मग एका फळीवर रंधा फिरवता फिरवता ते चमचमणारे पट्टे दिसायला लागले, रेषांना आडवे, माशाच्या खवल्यांसारखे. झाडाच्या गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या किरणांसारख्या पेशी असतात त्या, खोड बरोबर त्या दिशेने चिरलं गेलं तरच दिसतात. सहापैकी एकाच फळीत होतं ते. ती मधोमध लावली.

आणि इथे माती खाल्ली.

फळ्या शेजारी शेजारी जोडून फेविकॉल लावला, सुतारकाकांकडून आणलेले जुने लोखंडी शिकंजे आवळले, बाहेर धो धो पाऊस, फेविकॉल वाळेना म्हणून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी शिकंजे काढले तर टॉपवर चार काळे पट्टे. मळकट वगैरे नाही, निळसर काळे, शाई सांडल्यासारखे, आणि नेमके त्या खवल्यांवरून गेलेले. मी तिथेच स्टुलावर बसले. आई मशीन लावायला आली, बघितलं आणि म्हणाली, "अगं, लोखंडी कढईत आवळा टाकल्यासारखं झालंय हे."

अगदी तेच झालं होतं. ओकमध्ये टॅनिन भरपूर, आवळ्यात-हिरड्यातही तेच, ओलावा आणि लोखंड भेटलं की काळं. केसांना लावायचा आवळा लोखंडी कढईत भिजवतात तो याचसाठी. हिरडा आणि लोखंडाची जुनी काळी शाई हीच, आणि युरोपात शेकडो वर्षं लिहायची शाई ओकच्याच झाडावरच्या गाठी आणि हिराकस (लोखंडाचाच क्षार) घालून करायचे. म्हणजे मी नऊ तास खपून टेबलावर शाई तयार केली होती. शिकंज्याखाली साधा कागद घातला असता तरी वाचलं असतं, हे अर्थात नंतर कळलं.

घासून जाईल म्हणून घासलं, थोडं गेलं, बाकीचं खोल. मग बोहरी आळीतून ऑक्झॅलिक ॲसिडची पुडी आणली, गरम पाण्यात विरघळवली, हातमोजे घालून ब्रशने पूर्ण टॉपवर लावली, नुसत्या डागावर लावली तर तेवढाच भाग फिका पडतो. विषारी असतं ते, वाळल्यावर पांढरी पूड राहते ती घासून उडवायची नाही, आधी पाण्याने दोन-तीनदा पुसून काढायची. दहा-पंधरा मिनिटांत डाग डोळ्यांदेखत विरघळले. मी ओरडले ते ऐकून शेजारच्या काकू दारात आल्या.

पायांचं फार सांगत नाही. दोन-दोन फळ्या चिकटवून पाय केले, पायात पटाशीने भोक आणि आडव्या पट्टीच्या टोकाला त्याच मापाची जीभ, असे आठ जोड, त्यातले सहा घट्ट बसले आणि दोन ढिले. ढिल्यांमध्ये लाकडाच्या पातळ चिपा घातल्यात, दिसत नाहीत.

टॉप फ्रेमवर बसवताना मात्र बाबांशी खरं भांडण झालं. त्यांचं म्हणणं, खालून आठ स्क्रू मार, फेविकॉल लाव, हलायला नको. माझं म्हणणं, हललंच पाहिजे. लाकूड रेषांना आडवं फुगतं आणि आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. बावीस इंच रुंदीच्या ओकमध्ये आठ टक्क्यांचा ओलावा बारावर गेला तर सात-आठ मिलिमीटरचा फरक पडू शकतो, आणि तेव्हा जखडून ठेवलेला टॉप एक तर फाटतो नाही तर फ्रेम उकलतो. म्हणून फ्रेमच्या आतल्या बाजूला खाचा केल्या आणि त्यात सरकणारी लाकडी बटणं बसवली, स्क्रू फक्त बटणातून टॉपमध्ये. बाबा म्हणाले, "म्हणजे मुद्दाम ढिलं केलंस." हो, मुद्दाम ढिलं केलं.

मग पॉलिश. सुतारकाकांचं मत पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, चकाचक आणि पाणी लागत नाही. मला ते प्लास्टिक चढवल्यासारखं वाटतं, हा माझा हट्ट. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत गुस्ताव्ह स्टिकलीच्या कारखान्यात ओकचं फर्निचर बंद खोलीत अमोनियाच्या वाफेवर ठेवायचे, टॅनिनमुळे लाकूड आतून तपकिरी व्हायचं, रंग लावायलाच नको. ते वाचून मला फार मोह झाला होता पण ज्यांनी पूर्वीच्या आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या नकाशांच्या अमोनिया प्रिंटचा वास घेतलाय त्यांना कळेल की टू बीएचकेमध्ये ते का केलं नाही. शेवटी जवसाचं तेल, पेंटच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं ते. आधी ८०, १२०, १८०, २४० नंबरचा असा खरखरीत ते बारीक पॉलिश पेपर, मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसून उभे राहिलेले तंतू परत घासले. तेल चोळायचं, वीस मिनिटांनी सगळं पुसून काढायचं, मग थांबायचं. उन्हाळ्यात दोन दिवसांत वाळलं असतं, मला एकेका हाताला आठवडा लागला. आणि तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका कृपा करून, तेल वाळताना गरम होतं आणि फडका आपोआप पेटू शकतो. मी दोरीवर पसरून ठेवली होती, आईने ती धुवायला घेतली, तो वेगळाच किस्सा.

पहिला हात मारला तेव्हा तो फिकट, कोरडा, बिस्किटासारखा रंग मधासारखा झाला आणि ते खवले एकदम वर आले. दहा मिनिटं मी नुसती बघत होते, मग आठवलं की पुसायचंय.

ऑक्टोबरमध्ये टॉपची रुंदी मोजून खालच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवली होती, ५६१ मिलिमीटर. काल मोजली, ५५६. बाबांना टेप दाखवली तर म्हणाले, वर काच बसवून घे, म्हणजे आक्रसणार नाही.

सध्या त्यावर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल आहे. खवल्यांच्या बरोब्बर वर. गेल्या रविवारी सुतारकाका आले होते, त्यांनी रुमाल उचलून बाजूला ठेवला, टॉपकडे बघितलंच नाही, खाली वाकून उलट्या बाजूने हात फिरवला. "खालून रंधा नीट नाही मारला ताई," म्हणाले, आणि चहाचा कप थेट लाकडावर ठेवला.