आमची वाटचाल : एका खोलीपासून संशोधन केंद्रापर्यंत

रुग्णालयात होणाऱ्या औषधचाचण्यांचे कामकाज सांभाळणाऱ्या आमच्या कंपनीची सुरुवात २००९ साली मिरजेत झाली. त्याच वर्षी १५ जूनपासून औषधचाचण्यांची सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत आगाऊ नोंद करणे बंधनकारक झाले होते आणि शहरातील एका ट्रस्टच्या रुग्णालयाकडे पहिल्यांदाच चाचणीचा प्रस्ताव आला होता. डॉक्टरांकडे रुग्ण होते, अनुभव होता. कागदपत्रे सांभाळणारे माणूस मात्र नव्हते. मी त्यापूर्वी पुण्यात सहा वर्षे मॉनिटर होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या केंद्रांवर जाऊन चुका काढण्याचा पगार घेत होतो. वैद्यकीय जबाबदारी डॉक्टरांची, जागेची मांडणी व मनुष्यबळ आमचे, असा करार झाला.

जागा म्हणून एक्स-रे विभागामागची, चादरी ठेवण्याची खोली मिळाली. तिथे २ ते ८ अंशांचा फ्रीज, उणे २० चा फ्रीजर, सेंट्रिफ्यूज आणि औषधांचे कुलूपबंद कपाट मावले. लोडशेडिंगचे दिवस होते, परंतु रुग्णालयाला जनरेटर असल्याने मी निर्धास्त होतो. आमच्या खोलीचे वायरिंग त्या जनरेटरवर नाही, हे विचारायचे मला सुचले नव्हते. एका सोमवारी मॉनिटर बाईंनी तापमानाची वही उघडली. रविवारच्या रकान्यात ५.० असा आकडा होता, सोमवारच्याच शाईने आणि त्याच घाईच्या अक्षरात लिहिलेला, आणि डेटा लॉगरचा, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणाऱ्या यंत्राचा, आलेख रविवारी दुपारी ११ अंश दाखवत होता. औषधाच्या सगळ्या कुप्या बाजूला काढाव्या लागल्या, प्रायोजकांना, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या औषध कंपनीला, कळवावे लागले आणि दोन रुग्णांचे डोस लांबले. केंद्रावरचे रोजचे काम आणि नोंदी पाहणाऱ्या आमच्या कोऑर्डिनेटरने न पाहिलेला आकडा लिहिला, हे गंभीरच होते. पण सातही दिवसांचे काम एकाच मुलीवर टाकणारा मी होतो. जनरेटरची जोडणी आठवड्यात झाली. रविवारसाठी दुसरे माणूस नेमायला मला पाच महिने लागले, कारण प्रायोजकांचे पैसे रुग्णाच्या पूर्ण झालेल्या भेटींमागे, तेही तीन-चार महिन्यांनी येतात आणि पगार सात तारखेला द्यावा लागतो.

आज चार कोऑर्डिनेटर, एक फार्मासिस्ट आणि रक्त घेण्यासाठी एक तंत्रज्ञ आहेत. एका कोऑर्डिनेटरकडे तीनपेक्षा जास्त चाचण्या द्यायच्या नाहीत, हा आमचा नियम आहे. अतिदक्षता विभागात काम केलेल्या परिचारिका या कामात सर्वांत चांगल्या ठरतात, असे माझे मत आहे, कारण वेळ आणि सही यांची सवय त्यांना आधीच असते. दोन वर्षांत त्या तयार होतात आणि बहुधा तेव्हाच पुण्याची नोकरी मिळवतात.

२०१३ साली नियम कडक झाले. चाचणीला नैतिक बाजू तपासून मंजुरी देणाऱ्या इथिक्स कमिटीची नोंदणी आणि चाचणीमुळे झालेल्या इजेची भरपाई यांच्या तरतुदी आल्या आणि नोव्हेंबरमध्ये रुग्णाची संमती घेताना ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा आदेश निघाला. आमच्या पहिल्या मुद्रणात पंख्याची घरघर आणि ओपीडीतला पुकारा एवढेच ऐकू आले. म्हणून संमतीसाठी दार बंद होणारी वेगळी खोली मागून घेतली. २०१५ मध्ये ही सक्ती नव्या औषधी रेणूंच्या चाचण्यांतील असुरक्षित गटांपुरती, म्हणजे मोकळेपणाने संमती देणे ज्यांना अवघड असते अशांपुरती, उरली, तरी खोली आम्ही सोडलेली नाही. मिरजेत मिशन रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. वानलेस यांच्या काळापासून सीमेपलीकडचे, कर्नाटकातले रुग्ण मिरजेला येतात. अथणीकडच्या एका आजींना चाचणीत घेता आले नाही, कारण कमिटीने मंजूर केलेले कन्नड संमतिपत्र आमच्याकडे नव्हते आणि मुलगा मराठीतून समजावून सांगेल, एवढ्यावर भागणार नव्हते. तेव्हापासून पहिल्याच प्रस्तावाबरोबर आम्ही मराठी आणि कन्नड दोन्ही प्रती पाठवतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने रस्ते तुटले. कोऑर्डिनेटरांनी रोज फोन करून प्रत्येक रुग्णाकडे किती गोळ्या उरल्या आहेत, काही त्रास होतो आहे का, हे विचारून नोंदवले. ठरलेल्या भेटी मात्र हुकल्या. विचलनाच्या, म्हणजे ठरलेल्या पद्धतीप्रमाणे न झालेल्या गोष्टींच्या, नोंदीत कारण म्हणून ‘पूर’ असे लिहिल्यावर प्रायोजकांच्या परदेशातील कार्यालयाने त्याचा पुरावा मागितला. पहिल्या पानावर पाण्यात बुडालेल्या सांगलीचे छायाचित्र असलेला वर्तमानपत्राचा अंक आम्ही भाषांतरासह पाठवला, आणि त्याची प्रत त्या चाचणीच्या फायलीत, हुकलेल्या भेटींच्या पानांमागे, लावलेली आहे.