तुम्ही विचारलंत म्हणून: चिंता व्यक्त करून कुणाचा जीव वाचतो का?

राज्यशास्त्र शिकवते असं कळलं की लग्नाच्या पंगतीत असो वा व्याख्यानानंतरच्या चहात, मला एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, कुठल्याशा वादग्रस्त भागात लष्कर लोकांवर गोळ्या झाडतं. चार देश चिंता व्यक्त करतात. तिथलं सरकार म्हणतं, ही आमची अंतर्गत बाब आहे. दोन्हीकडची निवेदनं छापून येतात आणि विषय मिटतो. या कागदांनी एका तरी माणसाचा जीव वाचतो का?"

मी अशा वेळी नेहमी पूर्व तिमोरकडे वळते. तिथे हे कागद जवळपास पंचवीस वर्षं लिहिले गेले. त्यांतले बरेच आता उघड झाले आहेत, त्यामुळे कोणत्या कागदाने काय झालं आणि कोणत्याने काहीच झालं नाही, हे तपासता येतं.

तिमोर हे इंडोनेशियाच्या बेटांच्या रांगेतलं आग्नेयेकडचं, ऑस्ट्रेलियाच्या समोरचं बेट. पश्चिम अर्धा भाग डचांकडे होता, तो इंडोनेशियात गेला. पूर्वेचा भाग पोर्तुगिजांकडे. १८४४ पर्यंत या भागावरची सत्ता गोव्याहून चालायची. १९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, वसाहती सोडायचं ठरलं, तिमोरमध्ये पक्ष निघाले आणि वर्षभरात ते आपसांत लढले. पोर्तुगीज गव्हर्नर समोरच्या अताउरो बेटावर निघून गेला. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रेतिलिन पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि ७ डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य राजधानी दिली शहरात उतरलं.

आदल्या दिवशी, ६ डिसेंबरला, अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर इंडोनेशियाच्या राजधानीत, जाकार्तात, तिथले अध्यक्ष सुहार्तो यांच्यासमोर बसले होते. त्या बैठकीची नोंद २००१ साली पूर्णपणे खुली झाली. सुहार्तोंनी तिमोरमध्ये सैन्य घालायचं सूचित केलं, फोर्ड म्हणाले की आम्ही समजून घेऊ, तुमच्यावर दबाव आणणार नाही. किसिंजरना काळजी होती ती अमेरिकी शस्त्रांच्या वापराचा मुद्दा निघण्याची. जे करायचं ते झटपट यशस्वी व्हावं आणि आम्ही मायदेशी परतल्यावर व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं. मी ही नोंद विद्यार्थ्यांना दरवर्षी वाचायला देते आणि वर्गात दरवर्षी शांतता पसरते, कारण सगळं इतक्या सभ्य भाषेत लिहिलेलं आहे.

नंतर न्यूयॉर्कमध्ये काय झालं? १२ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ७२ विरुद्ध १० मतांनी इंडोनेशियाच्या हस्तक्षेपाबद्दल तीव्र खेद व्यक्त करून सैन्य मागे घ्यायला सांगितलं. विरोधातल्या त्या १० देशांत भारत होता. २२ डिसेंबरला सुरक्षा परिषदेने तेच एकमताने सांगितलं, म्हणजे अमेरिकेनेही हात वर केला. तेव्हाचे अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी पुढे आपल्या आठवणींत उघड लिहिलं की संयुक्त राष्ट्रांचा कुठलाही उपाय निष्प्रभ ठरावा अशी परराष्ट्र खात्याची इच्छा होती आणि ते काम आपण बऱ्यापैकी यशस्वीपणे पार पाडलं. मत एक, सूचना दुसरी. तुमच्या मनातली शंका इथे शब्दशः खरी ठरते.

भारताच्या मतावर मला कुणी ना कुणी गोव्याचा दाखला देतं. "आपण १९६१ ला गोवा घेतला, त्यांनी तिमोर घेतला, फरक काय?" माझं माहेर गोव्यातलं, त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही. फरक नंतरच्या वर्षांत आहे. गोव्यात १९६३ मध्ये खुल्या निवडणुका झाल्या, त्यात वेगवेगळ्या मागण्या घेऊन पक्ष उभे राहिले आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निवडून आला. जानेवारी १९६७ मध्ये महाराष्ट्रात जायचं की नाही यावर लोकांचा कौल घेतला गेला आणि लोकांनी नको म्हटलं. ते दिल्लीनेही मानलं, मुंबईनेही. तिमोरमध्ये लष्कराने हाताने निवडलेल्या लोकांची एक सभा १९७६ मध्ये भरवली, तिच्याकडून सामिलीकरणाचा अर्ज लिहून घेतला आणि जुलैमध्ये तिमोर इंडोनेशियाचा २७ वा प्रांत झाला. पुढची दोन दशकं प्रत्येक आक्षेपाला जाकार्ताचं उत्तर हेच होतं: तिथल्या लोकांनीच मागितलं, प्रश्न मिटला आहे, बघा आम्ही किती रस्ते आणि शाळा बांधल्या.

रस्ते आणि शाळा खऱ्याच होत्या. त्यांच्या जोडीला डोंगरातून हुसकावून छावण्यांत कोंबलेली गावं होती, आणि १९७७ ते १९७९ चा भुकेचा काळ होता. स्वतंत्र तिमोरच्या सत्यशोधन आयोगाने २००५ मध्ये किमान आकडा दिला: १९७४ ते १९९९ या काळात संघर्षामुळे १,०२,८०० मृत्यू, त्यांतले सुमारे १८,६०० हत्या किंवा बेपत्ता, बाकीचे भुकेने आणि आजाराने. आक्रमणाआधीची वस्ती साडेसहा लाखांच्या आसपास होती.

त्या काळात आमसभेत दरवर्षी ठराव व्हायचा आणि पाठिंबा घटत चालला होता. १९८२ मध्ये ५० बाजूने, ४६ विरोधात, ५० तटस्थ. चार मतं! पुढच्या वर्षी हरू या भीतीने ठराव परत मताला टाकलाच नाही. त्याऐवजी सरचिटणीसांच्या मध्यस्थीने पोर्तुगाल आणि इंडोनेशिया यांची बोलणी सुरू राहिली. माझ्या मते तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा गाभा या कंटाळवाण्या गोष्टीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत पूर्व तिमोर अजून वसाहतमुक्त न झालेला प्रदेश राहिला आणि पोर्तुगाल त्याचा नामधारी प्रशासक. १९७५ मध्ये पोर्तुगाल ज्या रीतीने निघून गेला, त्याबद्दल त्याला दाद देण्याजोगं काही नाही. पण या यादीतलं नाव त्याने खोडू दिलं नाही.

ते खोडायला तयार असलेले बरेच होते. ऑस्ट्रेलियाने १९७९ मध्ये सामिलीकरणाला कायदेशीर मान्यता दिली. डिसेंबर १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री गॅरेथ एव्हन्स आणि इंडोनेशियाचे अली अलातास यांनी तिमोर समुद्रावरून उडणाऱ्या विमानात तेलवाटपाच्या करारावर सह्या केल्या आणि शॅम्पेनचे पेले भिडवले. तो फोटो मला आजही बघवत नाही. पोर्तुगाल याविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १९९५ मध्ये न्यायालय म्हणालं की इंडोनेशिया पक्षकार नसल्याने आम्हाला निकाल देता येत नाही, मात्र तिमोरी जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क कायम आहे. तेलाचं काही बिघडलं नाही. हक्क कायम असल्याचं वाक्य मात्र निकालात राहिलं.

मग सांताक्रूझ. १२ नोव्हेंबर १९९१. दोन आठवड्यांपूर्वी मारल्या गेलेल्या सेबास्तियाँव गोमेस या तरुणाच्या स्मरणार्थ दिलीत मोठी मिरवणूक निघाली. पोर्तुगीज खासदारांचं शिष्टमंडळ येणार होतं, तो दौरा रद्द झाला होता, त्याची निराशाही त्या गर्दीत होती. सांताक्रूझच्या दफनभूमीत सैनिकांनी त्यांच्यावर गोळीबार केला. असे प्रकार आधीही झाले होते. या वेळी मॅक्स स्टाल हा ब्रिटिश पत्रकार आत चित्रीकरण करत होता. त्याने टेप थडग्यांमध्ये पुरून ठेवली, नंतर काढली आणि ती देशाबाहेर गेली. जगाने पोरांना थडग्यांमागे दडताना पाहिलं.

आता सरकारी उत्तरं बघा. लष्कर म्हणालं, १९ मेले. जगभर गदारोळ झाल्यावर सुहार्तोंनी राष्ट्रीय चौकशी आयोग नेमला, तो म्हणाला सुमारे ५०. तिमोरी लोकांची मोजणी अडीचशेच्या वर जाते. दोन जनरल पदावरून हलवले गेले. थोड्या कनिष्ठ सैनिकांना आणि अधिकाऱ्यांना ८ ते १८ महिन्यांच्या शिक्षा झाल्या. ज्यांच्यावर गोळ्या चालल्या त्या मिरवणुकीच्या आयोजकांपैकी एकाला जन्मठेप. परदेशी राजधान्यांना मात्र आयोग नेमल्याचं कौतुक वाटलं, कारण त्यांना पुढे चालू लागायला निमित्त हवं होतं. ऑस्ट्रेलियाने हा प्रकार अपवादात्मक मानला, सरकारी धोरणाचा भाग नव्हे. नेदरलँड्सने मदत रोखली. मार्च १९९२ मध्ये जाकार्ताने उलट डचांनाच सांगितलं, तुमची मदत नको, आणि डचांच्या अध्यक्षतेखालचा मदतदार देशांचा गट मोडीत काढून जागतिक बँकेच्या अध्यक्षतेखाली नवा गट उभा केला. पैसा आटला नाही. डच एकटे पडले.

या टप्प्यावर थांबलं, तर तुमचं म्हणणं पूर्ण खरं. पण याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने इंडोनेशियन अधिकाऱ्यांच्या लष्करी प्रशिक्षणाचे पैसे थांबवले. रक्कम किरकोळ होती. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात इंडोनेशियाविरुद्ध ठराव झाला आणि त्यावर अमेरिकेनेही सही केली. १९९६ चं शांततेचं नोबेल बिशप बेलो आणि जोझे रामोस-होर्ता या दोन तिमोरींना मिळालं. हे रामोस-होर्ता १९७५ मध्ये सुरक्षा परिषदेसमोर बोलले तेव्हा २५ वर्षांचे होते. १९९७ मध्ये मंडेला जाकार्तात आले आणि त्यांनी सुहार्तोंकडे आग्रह धरून शनाना गुज्माव या कैदेतल्या तिमोरी नेत्याची भेट घेतली. अलातास यांनी तिमोरला बुटातला खडा म्हटलं होतं. तो खडा प्रत्येक परिषदेत, प्रत्येक कर्जाच्या बोलण्यात टोचत राहिला.

सुहार्तो गेले ते मात्र तिमोरमुळे नाही. १९९७ मध्ये इंडोनेशियाचं चलन कोसळलं, मे १९९८ मध्ये त्यांनी पद सोडलं. नवे अध्यक्ष हबीबी यांनी जानेवारी १९९९ मध्ये जाहीर केलं की तिमोरींना इंडोनेशियात राहून स्वायत्तता नको असेल तर त्यांनी वेगळं व्हावं. त्यांना हे सहज करता आलं, कारण विचारायची चौकट तयार होती. तिमोरींचं मत घ्यायच्या ५ मे १९९९ च्या करारावर सह्या करायला पोर्तुगाल होतं, मध्यस्थीला सरचिटणीस होते. प्रश्न मिटला असं सगळ्यांनी १९८३ मध्येच मान्य केलं असतं, तर सही कुणी करायची होती?

त्या करारात एक भयंकर चूक होती. मतदानाच्या सुरक्षेची जबाबदारी इंडोनेशियाकडेच ठेवली होती. काय होणार हे दिसत होतं. लष्कराने पोसलेल्या टोळ्या एप्रिलपासूनच गावांत माणसं मारत होत्या. तरीही ३० ऑगस्टला ९८ टक्क्यांहून अधिक मतदार आले आणि ७८.५ टक्क्यांनी स्वायत्तता नाकारली. ४ सप्टेंबरला निकाल लागला आणि टोळ्यांनी देश पेटवला. वर्षभरात सुमारे १,४०० माणसं मारली गेली, अडीच लाखांच्या आसपास लोक पश्चिम तिमोरमध्ये नेले गेले किंवा पळाले.

दिलीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या आवारात दीड हजारांच्या आसपास तिमोरी कुंपणावरून चढून आत आले होते. मुख्यालय तिथून माणसं काढायच्या तयारीत होतं. आतल्या बऱ्याच कर्मचाऱ्यांनी या लोकांना सोडून जायला नकार दिला. शेवटी १४ सप्टेंबरला ते लोक विमानांनी डार्विनला पोचले. एका तरी माणसाचा जीव वाचला का, असं तुम्ही विचारता. हे वाचले.

बाकीच्यांसाठी काय लागलं, तेही त्याच आठवड्यात दिसलं. निवेदनांनी टोळ्या थांबल्या नाहीत. ९ सप्टेंबरला क्लिंटन यांनी लष्करी संबंध तोडले. नाणेनिधी आणि जागतिक बँक यांनी कर्जाचा विषय काढला. आशिया-पॅसिफिकचे नेते त्या वेळी ऑकलंडमध्ये जमले होते, तिथे दुसरा विषय उरला नाही. १२ तारखेला हबीबींनी परदेशी सैन्य यायला मान्यता दिली, २० ला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालची फौज उतरली. शस्त्रं आणि कर्ज यांना हात लागल्यावर तीन दिवस पुरले. मला याचा आनंद होत नाही, राग येतो. हे तीन दिवस १९७५ मध्येही उपलब्ध होते, १९९१ मध्येही होते.

बरेच जण काश्मीर मनात धरून हा प्रश्न विचारतात, हे मला कळतं. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंबद्दल अहवाल दिला आणि भारताने तो सदोष आणि हेतुपुरस्सर म्हणून फेटाळला. काश्मीरचा इतिहास तिमोरचा नाही आणि मी एकावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढत नाही. पण कुठल्याही सरकारचं उत्तर वाचताना, आपल्यासुद्धा, मी तिमोरने शिकवलेल्या गोष्टी शोधते. बाहेरच्या माणसाला जाऊन बघू देणार का? मृतांचा आकडा दबावाखाली बदलला का? शिक्षा कुणाला झाली, गोळी झाडणाऱ्याला की मोर्चा काढणाऱ्याला? आणि चिंता व्यक्त करणाऱ्याने त्याच आठवड्यात कोणत्या करारावर सही केली?

२० मे २००२ रोजी तिमोर-लेस्ते स्वतंत्र झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा ११ वा सदस्य झाला, इंडोनेशियाच्या पाठिंब्याने. १९९९ च्या गुन्ह्यांसाठी जाकार्तात १८ जणांवर खटले चालले, ६ दोषी ठरले आणि अपिलात सगळे सुटले. दिलीतल्या तपासपथकाने १९९९ चे लष्करप्रमुख विरांतो यांच्यावर २००३ मध्ये आरोप ठेवले. पुढच्या वर्षी बालीत त्यांना मिठी मारली ती खुद्द शनाना गुज्माव यांनी. ते तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते आणि लहान देशाला मोठा शेजारी तोडून जगता येत नाही, असं त्यांचं गणित होतं. ते गणित मला समजतं, पटत नाही. सांताक्रूझमधल्या बऱ्याच मृतांचे अवशेष आजही घरच्यांना मिळालेले नाहीत. ते कुठे पुरले, हे जाकार्ताने सांगायला हवं, आणि आसियानच्या बैठकीत शेजारी बसल्यावर दिलीने ते विचारायला हवं.