तुला त्यातलं काय कळतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत विचारलंत, कराडला गेले की लग्नाच्या पंगतीत विचारलंत. इथे एडिंबरात शेजारच्या स्टुलावर बसलेल्या स्कॉटिश आजोबांनीही विचारलं, फक्त जरा सभ्यपणे: वाजवता का? गाता का? नाही? मग दर आठवड्याला येता कशाला? रोख सगळ्यांचा एकच. या बाईला इथल्या लोकसंगीतातलं, त्या फिडल-बॅगपाइपमधलं काय कळतं? आणि आपल्या लोकांची त्यावर पुरवणी: आपलं काय कमी आहे म्हणून त्यांचं?

आधी किरकोळ शंका उरकते. हो, मी ऐकायला जाते ते फॉरेस्ट रोडवरचं सँडी बेल्स हा पब आहे. नाही, मी तिथे प्यायला जात नाही, आणि गेले तरी तो तुमचा विषय नाही. 2006 पासून स्कॉटलंडात पबच्या आत सिगारेट ओढायला बंदी आहे, तेव्हा माझ्या कपड्यांच्या वासाची काळजी सोडा. नवरा येत नाही. तो पाच-पाच दिवस टेस्ट मॅच बघतो, आणि तुला त्यातलं काय कळतं असं त्याला आजवर कोणी विचारलेलं नाही.

तिथे जे चालतं त्याला सेशन म्हणतात, आणि सेशन म्हणजे मैफल नव्हे. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती पाच-सात वाजवणारे बसतात, तेही एकमेकांकडे तोंड करून, म्हणजे आपल्या वाट्याला पाठी. कुणीतरी काही न सांगता एक ट्यून सुरू करतं. ज्यांना येते ते ती उचलतात, ज्यांना येत नाही ते फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, मांडीवर ठेवून ग्लास उचलतात. ट्यून साधारण तीनदा फिरते आणि न थांबता दुसरीत शिरते, मग तिसरीत. त्या सांध्यावर कुणीतरी हलकेच ‘हप्’ म्हणतं. मी त्या सांध्यासाठी जाते असं म्हटलं तरी चालेल. एक चाल अजून पुरती संपलेली नसते, दुसरी कुठली येणार हे एकालाच माहीत असतं, आणि पुढच्या दोन मात्रांत सगळं टेबल तिथे पोचलेलं असतं. ट्यूनचं नाव विचारलं तर निम्म्या वेळा वाजवणाऱ्यालाच ठाऊक नसतं. टाळ्या पडल्या तर पडल्या.

तिकीट काढून ऐकायचं गाणं वेगळं. एडिंबरातला क्वीन्स हॉल हे 1823 सालचं चर्च. 1979 पासून तिथे कार्यक्रम होतात, पण बाकं बरीचशी चर्चचीच, आणि मध्यंतरापर्यंत कंबर आठवण करून देते. जानेवारीत ग्लासगोला ‘सेल्टिक कनेक्शन्स’ असतो, 1994 पासून, दोन आठवड्यांहून जास्त. तिथे मोठी नावं, मोठे ध्वनिक्षेपक, आणि बऱ्याचदा लोकसंगीताच्या नावाखाली बराचसा रॉक. ऐकते मी, पण त्यासाठी तुमच्याशी भांडणार नाही. भांडायचंच झालं तर छोट्या खोल्यांसाठी भांडेन.

भांडलेही आहे. पूर्वी हा प्रश्न आला की माझं उत्तर तयार असायचं. बॅगपाइपच्या चँटरला, म्हणजे बोटांनी वाजवायच्या नळीला, नऊच स्वर, मागे एकच सूर धरून ठेवणाऱ्या तीन नळ्या, ड्रोन, अखंड चालू. ड्रोनला षड्ज धरा, निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. म्हणजे झाला की आपला खमाज थाट! जिग या नाचाच्या ट्यूनच्या सहा मात्रा तीन-तीनच्या, दादऱ्यासारख्या. कितीतरी आयरिश ट्यून काफीच्या स्वरांत बसतात. पाइपचं जुनं दरबारी संगीत, पीब्रोख, त्यात आधी मूळ चाल संथपणे मांडतात, मग तिची बढत, आणि शेवटी पुन्हा मूळ चाल. शिकवताना गुरू ते स्वर हिहारिन, होद्रोहो अशा बोलांनी तोंडीच द्यायचे. हे मी मंडळात एकदा पाऊण तास सांगितलं होतं. लोकांनी माना डोलावल्या आणि नंतर चहाशी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

आता त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, मी विचारते: काय चाललं होतं तुझं? थाट म्हणजे राग नव्हे हे तुला ठाऊक नव्हतं? स्वर सारखे, पण खमाजाची एक जागा त्यात येत नाही, आणि पाइपवाल्याचं त्यावाचून काही अडतही नाही. तू थाटाचा दाखला पुढे करून परवानगी मागत होतीस. घरचंच आहे हो, ऐकू द्या.

मग मी दुसरं उत्तर देऊ लागले. लहानपणी वडील गाण्याला घेऊन जायचे, पुढच्या सतरंजीवर बसवायचे, आणि माझा जीव सगळा समेवर टांगलेला असायचा. मान चुकीच्या जागी हलली तर शेजारचे काका वळून बघतील. इथे कोणी वळून बघत नाही, इथे मी नुसती ऐकते, असं मी सांगायची. हे उत्तर जास्त खरं आहे, पण पुरतं नाही. नियम इथेही आहेत, फक्त कोणी बोलून दाखवत नाही. वाजवणाऱ्यांच्या खुर्च्यांवर बसायचं नाही. बिनसाथीचं गाणं चालू असताना बारकडे जायचं नाही. बोडरान, ती हातातली डफासारखी चामड्याची चकती, एका वेळी एकानेच वाजवायची. आणि खरं सांगू? सलग दोन तास रील, त्या जलद नाचाच्या ट्यून, ऐकल्या की मलाही सगळ्या एकसारख्या वाटतात. तेव्हा मी घड्याळ बघते. बघते, पण उठत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा प्रश्न तुमच्या तोंडात जरा धारदार झाला, ती सांगते. अर्धवट तुम्हांला माहीत आहेच, व्हिडिओ तुम्हीच पाठवलात एकमेकांना.

एका पबच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा गाण्यांची फेरी असते. वाद्य नाही, माइक नाही, ज्याची पाळी येईल त्याने गायचं किंवा ‘पुढे’ म्हणायचं. मी नेहमी ‘पुढे’ म्हणणारी. त्या रात्री विषय होता कामाची गाणी. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या हेब्रिडीज बेटांकडच्या एक बाई तिथे येतात, सत्तरीच्या असतील. त्यांनी कापड बडवायचं गाणं धरलं. त्या बेटांवर मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड दाट करायला बायका ते शिळ्या मुतात भिजवत आणि लांब फळीभोवती बसून सगळ्या मिळून आपटत. एकीने ओळ सांगायची, बाकीच्यांनी हि-री-हो करत धृपद धरायचं. पुरुष तिथे फिरकत नसत, त्यामुळे गाण्यांत काय वाटेल ते: कुणाचा नवरा, कुणाचा बुडालेला भाऊ, कुणाची फसवणूक. गिरण्या आल्या, ते काम गेलं, गाणी उरली. त्या रात्री आम्ही एक ओली घोंगडी गुंडाळून टेबलावर आपटत होतो, बाप्येसुद्धा.

गाणं संपल्यावर त्या बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, तुमच्याकडच्या बायकाही काम करतच असतील की. सगळे हसले. मीही हसले, आणि ‘पुढे’ म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडून आजीची ओवी निघाली.

आजी म्हणजे वडिलांची आई. तिचं जातं मी चालू बघितलंय, अगदी शेवटची काही वर्षं. पहाटे अंधारात ती एकटीच दळायची, आणि मी वाकळेखालून ऐकायची. ती ओवी तिच्या भावावरची होती. पंचमीला मुराळी म्हणून यायचा तो आला नाही, आणि का आला नाही ते ओवीत होतं, त्याच्या नावासकट. ओवी इथे लिहीत नाही. एकदा चारचौघांत काढली तेवढं पुरे.

चारेक ओव्या म्हटल्या असतील. पहिलीला खोली गप्प होती. दुसरीच्या शेवटी ‘गं बाई’ आलं तसं त्या सत्तरीच्या बाईंनी ते उचललं. तिसरीला सगळी खोली. वीस-पंचवीस स्कॉटिश गळे ‘गं बाई’ म्हणतायत, आणि घोंगडी टेबलावर पडतेय. जात्याची लय अशी नसते, ती गोल फिरते, ठोके देत नाही, आणि मला ते आत कुठेतरी खटकलंही. पण आजी आयुष्यभर जे एकटीने म्हणत आली त्याला पहिल्यांदा कुणीतरी ओ देत होतं. मला रडू आलं नाही. आनंद झाला, निव्वळ आनंद. तो आजही मी कुणाला परत करायला तयार नाही.

आपल्याकडचा एक विद्यार्थी तिथे होता. त्याने फोनवर टिपलं आणि कौतुकाने मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. सकाळपर्यंत तुम्ही काय काय लिहिलंत ते मी वाचलं आहे. ‘दारूच्या टेबलावर ओवी’ हे त्यातलं सौम्य. त्याचं मला फार काही वाटलं नाही. ओवीत दारू नाही, मीठमिरची आहे, आणि जात्यावर बसणाऱ्या बायकांचे नवरे काय पिऊन यायचे ते विचारा कधी ओव्यांनाच.

पण दुपारपर्यंत तो व्हिडिओ कराडला पोचला होता. आत्याचा फोन आला. आजीची धाकटी लेक, आता ती पंचाहत्तरीला आली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “आई ती ओवी अण्णामामा घरात असले की म्हणायची नाही. दुसऱ्या म्हणायची. ती नाही.” मग थोडं थांबून, “तुझ्या त्या गोऱ्या लोकांना काही कळलं नाही, ते बरंय. पण ज्यांना कळलं त्यांचं काय?” अण्णामामांच्या, म्हणजे ओवीतल्या त्या भावाच्या, नातवंडांनीही तो व्हिडिओ बघितला होता. दोन्ही घरांचं जाणं-येणं मोठ्या मुश्किलीने सुरू झालं होतं. त्या वर्षी दिवाळीला त्यांच्याकडून कुणी आलं नाही.

मी आत्याला काय काय ऐकवलं! म्हटलं, हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्याच ना, गाणाऱ्या बायकांच्या नावागावासकट? जपल्या म्हणूनच आज ऐकायला मिळतात. म्हटलं, इथे हॅमिश हेंडरसन नावाचे लोकगीतं गोळा करणारे गृहस्थ होते, सँडी बेल्समध्येच पडलेले असायचे. त्यांना 1953 साली ॲबर्डीनमध्ये जिनी रॉबर्टसन भेटल्या, भटक्या जमातीतल्या, घरात गाणाऱ्या. त्यांचं गाणं टेपवर आलं, जगाने ऐकलं, 1968 साली त्यांना सरकारी किताब मिळाला. कुठे बिघडलं? आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ती बाई स्वतः गायली ना पण?”

याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, आणि नंतर जी सुचली ती सगळी एकमेकांना खोडतात. आजी जाऊन तीस वर्षं झाली, अण्णामामाही गेले, आता त्या दुःखाची मालकी कुणाची? आत्याची? मामांच्या नातवंडांची, ज्यांनी आजीला पाहिलंही नाही? की माझी, जिने वाकळेखालून चोरून ऐकलं? गाणं ज्याला कळतं त्याच्यापुढे म्हणायची चोरी, आणि ज्याला कळत नाही त्याच्यापुढे म्हटलं तर उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. मी तसं म्हणायला तयार नाही. त्या खोलीला काहीच कळलं नाही हे मला मान्यच नाही. शब्द कळले नाहीत. मुराळी कळला नाही. पण कुणाची तरी वाट बघून झाल्यावर गळा कसा लागतो ते त्या बेटावरच्या बाईंना न कळायला काय झालं? आणि तरीही आत्याचं बरोबर आहे. दोन्ही एकदम कसं बरोबर असेल, तर ते तुम्हीच सांगा.

म्हणजे मूळ प्रश्नाला वळसा घालून मी तिथेच आले. मला त्यांच्या गाण्यातलं काय कळतं? त्या बेटांची भाषा, गेलिक, मला येत नाही. कोण कुणाचं नाव घेऊन रडतंय, कुठल्या घरातलं कुठलं गुपित त्या फळीवर आपटलं जातंय, मला पत्ता नाही. कदाचित तिकडेही एखादी आत्या बसली असेल हळू आवाजात बोलणारी. तिच्यासाठी मी परकी आहे म्हणूनच मला ऐकायची मुभा आहे की काय, असंही अलीकडे वाटतं, आणि ते काही फारसं अभिमानाचं कारण नव्हे. कळतं म्हणून जाते असं मी इतकी वर्षं सांगत होते. निम्मं तरी न कळण्यासाठीच जात असेन.

त्या बाई अजून फेरीत माझ्याकडे बघतात. मी ‘पुढे’ म्हणते. एकदा मात्र मी फक्त ‘गं बाई’ एवढं म्हटलं, दुसऱ्याच कुणाच्या गाण्यात, धृपदाच्या जागी, आणि दोन-तीन जणांनी ते ओळखून उचललं. हे आत्याला सांगितलेलं नाही. तिच्याशी बोलणं होतं दर रविवारी, पथ्यापाण्याचं, भाचरांचं. ओवीचा विषय ती काढत नाही, मीही नाही. मागच्या वेळी तिने एवढंच विचारलं, अजून जातेस का गं तिकडे? मी म्हटलं, जाते. ती म्हणाली, स्वेटर घालून जात जा.

तर यंदाही मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू आणि माझं ग्लासगोचं तिकीट एकाच शनिवारी आलंय. दरवर्षी जवळपास हेच होतं, कारण तो महोत्सव जानेवारीतच असतो आणि हळदीकुंकवाला रथसप्तमीपर्यंतचाच अवधी. तिळगूळ मी शुक्रवारी संध्याकाळी आणून देईन. वाण लुटायला थांबणार नाही. का, ते विचारू नका.